कॉन्फमध्ये १०० लिहिलंय, पोस्टग्रेस २० वरच चालू होतो. हे ऑप्शन येऊन राहिले कुठून?

केळीपट्टी_सावदा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. सावद्याला आमचं केळी खरेदीचं ऑफिस आहे. रोज भाव निघाले की नवती, पिलबाग, कांदेबाग असे वेगवेगळे टाकायचे, मग दिवसभर भरलेल्या गाड्यांची वजनं, कापणीची मजुरी, शेतकऱ्याची पट्टी, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याच्या मागे उबंटूच्या मशीनवर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस. आतापर्यंत काही त्रास नव्हता पण रावेरला दुसरं काउंटर टाकलं, तिकडचे कॉम्प्युटर पण याच सर्व्हरला जोडले, आणि आता संध्याकाळी सगळे एकदम पट्ट्या काढायला बसले की काही जणांच्या स्क्रीनवर "रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ड" असं येतं आणि सॉफ्टवेअर आत घेतच नाही. शेतकरी समोर उभा असतो, त्याला काय सांगायचं?

शोधल्यावर कळलं की मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन घ्यायचे तो आकडा) वाढवायचं असतं. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ ही सेटिंगची फाइल उघडून बघितली तर तिथं आधीपासूनच १०० आहे! तरी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) "शो मॅक्स_कनेक्शन्स" केलं की २० येतं. फाइलमध्ये १५० करून पीजी_सीटीएल (सर्व्हर चालू-बंद करायचा प्रोग्रॅम) रीस्टार्ट मारलं, परत २०. अल्टर सिस्टिम सेट करून पण बघितलं, रीस्टार्ट मारलं, परत २०च. ज्यांनी हे बसवून दिलं ते आता फोन उचलत नाहीत. कोणी जाणकार असेल तर सांगा.


अमळनेर_बोरी

दादा फाइल बरोबर तीच उघडताय ना? बऱ्याचदा मशीनवर दोन-दोन कॉन्फ असतात, आपण एक बदलत बसतो आणि सर्व्हर दुसरीच वाचत असतो. पीएसक्यूएलमध्ये "शो कॉन्फिग_फाइल;" मारा, तो पूर्ण पाथ सांगतो. आणि त्याच फाइलमध्ये खाली परत कुठं मॅक्स_कनेक्शन्स आहे का ते बघा, एकच नाव दोनदा असेल तर शेवटचं धरतो.


केळीपट्टी_सावदा

बघितलं भाऊ. शो कॉन्फिग_फाइल केलं तर /डेटा/केळी/पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ येतंय, मी तीच बदलतोय. सर्च करून बघितलं, एकच ओळ आहे. इन्क्लूड वगैरे काही नाही.


तापीकाठ

सावदेकर, मग फाइलचा नाद सोडा. सर्व्हर चालू करतानाच कोणीतरी कमांडलाइनवर आकडा दिलेला आहे, माझी जवळजवळ खात्री आहे. दोन गोष्टी करून इथं टाका. (कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीत मारा, आणि लहान-मोठं अक्षर सांभाळा, तिथं फार फरक पडतो.)

पहिलं, पीएसक्यूएलमध्ये:

सिलेक्ट नेम, सेटिंग, सोर्स फ्रॉम पीजी_सेटिंग्ज व्हेअर नेम = 'मॅक्स_कनेक्शन्स';

दुसरं, डेटा फोल्डरमध्ये पोस्टमास्टर.ऑप्ट्स नावाची छोटी फाइल असते, ती फक्त वाचा, तिच्यात काही बदलू नका:

कॅट /डेटा/केळी/पोस्टमास्टर.ऑप्ट्स


केळीपट्टी_सावदा

पहिल्याचं उत्तर: सेटिंग २०, सोर्समध्ये "कमांड लाइन" लिहून येतंय.

दुसऱ्या फाइलमध्ये एकच ओळ आहे:

/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन/पोस्टग्रेस "-डी" "/डेटा/केळी" "-पी" "५४३३" "-एन" "२०" "-एफ"

डी, एन, एफ कॅपिटल आहेत, पी छोटा.


तापीकाठ

सापडलं. ते "-एन २०" आहे ना, तेच मॅक्स_कनेक्शन्सचं आखूड रूप आहे.

आता हे असं का होतं ते नीट सांगतो कारण एकदा डोक्यात बसलं की परत कधी अडत नाही. पोस्टग्रेसला एखादं सेटिंग चार-पाच ठिकाणांहून मिळू शकतं. सगळ्यात खाली त्याचं स्वतःचं डिफॉल्ट (कनेक्शनसाठी ते साधारण १०० असतं), त्याच्यावर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ, त्याच्यावर अल्टर सिस्टिमने जे लिहिलं जातं ती पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सर्व्हर चालू करतानाचा कमांडलाइनचा ऑप्शन. दिवाणजीने वहीत काहीही लिहून ठेवलं तरी शेटजींनी सकाळी तोंडी जे सांगितलं तेच त्या दिवशी चालतं, तसंच हे. म्हणून तुम्ही फाइलमध्ये १५० करा नाहीतर ५०० करा, "-एन २०" ने चालू झालेला सर्व्हर २० वरच राहणार. अल्टर सिस्टिमचं पण तेच. आणि तो तुम्हाला एरर पण देणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही.

मग रीस्टार्ट मारल्यावर तरी का गेलं नाही? कारण पीजी_सीटीएल रीस्टार्ट आधीचे ऑप्शन या पोस्टमास्टर.ऑप्ट्समधून वाचतो आणि जसेच्या तसे परत लावतो, तुम्ही स्वतः -ओ दिला नाही तर. तुम्ही कितीही वेळा रीस्टार्ट करा, जुनं ते जुनंच राहणार. त्यामुळे आधी स्टॉप, मग वेगळा स्टार्ट.

आणि तो एरर का येतो तेही बघा. २० पैकी ३ जागा सुपरयूजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या मुख्य यूजरसाठी) राखीव असतात, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरला खऱ्या १७च मिळतात. अठरावा माणूस बाहेर उभा. रावेरचं काउंटर यायच्या आधी सतरात भागत असेल, म्हणून कळलं नाही.


नंदुरबार_मिरची

थांबा थांबा. कनेक्शनचं नंतर बघा, त्या ओळीत शेवटी "-एफ" आहे ते कोणाला दिसलं का?

सावदेकर दादा, कॅपिटल एफ म्हणजे एफसिंक बंद. म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरला की नाही याची खात्री न करताच तुमचा पोस्टग्रेस "सेव्ह झालं" म्हणून सांगतो. त्यामुळे नोंदी भराभर होतात हे खरं, पण मशीनची लाइट अचानक गेली तर फाइली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात आणि मग अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो, नुसती शेवटची पट्टी नाही. हा ऑप्शन फेकून द्यायच्या डेटासाठी असतो. समजा टेस्टिंगला एकदा मोठा बॅकअप भरायचा आहे, बिघडला तर परत पहिल्यापासून भरू, तिथं ठीक आहे. शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या मशीनवर हा ऑप्शन कोणी लावून गेलं हे वाचून मला धडकी भरली. आपल्याकडे लाइटीचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, उन्हाळ्यात तर विचारूच नका.

यूपीएस आहे का मशीनला?


केळीपट्टी_सावदा

ताई यूपीएस आहे पण बॅटरी जुनी झालीय, पाच-दहा मिनिटं टिकते. रात्री ऑफिस बंद असताना लाइट गेली तर मशीन तसंच बंद पडतं, सकाळी लाइट आली की आपोआप चालू होतं. म्हणजे हे आतापर्यंत असंच चालू होतं का?? मग आता करू काय, लगेच बंद करू का?


नंदुरबार_मिरची

घाबरू नका, पण क्रमाने करा. डेटा आज व्यवस्थित वाचता येतोय म्हणजे बरंचसं ठीक असण्याची शक्यता आहे. पहिलं काम बॅकअप. सर्व्हर चालू आहे तसाच चालू राहू द्या आणि

पीजी_डंपऑल -पी ५४३३ > /मीडिया/पेनड्राइव्ह/आज.एसक्यूएल

असं दुसऱ्या डिस्कवर नाहीतर पेनड्राइव्हवर काढा, त्याच डिस्कवर नको. डंप काढताना पोस्टग्रेस प्रत्येक टेबलची प्रत्येक ओळ वाचतो, त्यामुळे कुठं पान खराब असेल तर तिथं अडखळून एरर देण्याची शक्यता खूप असते. डंप बिनातक्रार पूर्ण झाला तर निम्मा जीव भांड्यात. इंडेक्स मात्र डंपमध्ये तपासले जात नाहीत, त्यासाठी १४ मध्ये पीजी_ॲमचेक नावाचं टूल आलंय, ते चालवा.

बॅकअप झाल्याशिवाय सर्व्हर बंद करू नका.


धुळे_पांझरा

मिरची ताईंच्या सांगण्याला पूर्ण दुजोरा. आणि वेग हवाच असेल तर एफसिंक बंद करायची गरजच नाही, सिंक्रोनस_कमिट ऑफ करा. त्यात लाइट गेली तर शेवटच्या थोड्या वेळातल्या एखाददुसऱ्या नोंदी जाऊ शकतात पण डेटाबेस खराब होत नाही. तरी पैशाच्या हिशोबाला मी तेही करणार नाही.


केळीपट्टी_सावदा

डंप काढला, पूर्ण झाला, एकही एरर नाही. पीजी_ॲमचेक पण चालवलं, त्यानेही काही दाखवलं नाही. पेनड्राइव्हवर एक कॉपी आणि घरच्या लॅपटॉपवर एक. आता पुढं सांगा, कमांड पूर्ण लिहून द्या, मला त्या डॅशच्या भानगडी पाठ नाहीत.


तापीकाठ

छान झालं. आता दुपारी जेवणाच्या वेळेला, सगळ्यांना सॉफ्टवेअर बंद करायला सांगून करा.

एक. बंद करा:

सुडो -यू पोस्टग्रेस /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन/पीजी_सीटीएल स्टॉप -डी /डेटा/केळी -एम फास्ट

फास्ट म्हणजे जे जोडलेले आहेत त्यांचं अर्धवट काम रद्द करून त्यांना बाहेर काढतो आणि नीट बंद होतो. स्मार्ट दिलं तर शेवटचा माणूस आपणहून बाहेर पडेपर्यंत वाट बघत बसतो. इमिजिएट देऊ नका, ते लाइट गेल्यासारखंच आहे, पुढच्या वेळी रिकव्हरी करावी लागते.

दोन. एफसिंक इतके दिवस बंद होतं म्हणून चालू करायच्या आधी जे काही लिनक्सच्या मेमरीत लटकलेलं असेल ते सगळं डिस्कवर उतरवून घ्यायचं. त्यासाठी

सुडो -यू पोस्टग्रेस /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन/इनिटडीबी --सिंक-ओन्ली -डी /डेटा/केळी

नावात इनिट आहे म्हणून दचकू नका, --सिंक-ओन्ली दिल्यावर तो नवीन काही बनवत नाही, फक्त असलेल्या फाइली डिस्कवर पक्क्या करतो. पण ते शब्द नीट टाइप करा.

तीन. चालू करायच्या आधी एक तपासणी, ही मला फार आवडते आणि फारसं कोणी वापरत नाही:

सुडो -यू पोस्टग्रेस /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन/पोस्टग्रेस -डी /डेटा/केळी -सी मॅक्स_कनेक्शन्स

इथं सी कॅपिटल. याने सर्व्हर चालू होत नाही, फक्त चालू झाला असता तर या सेटिंगची किंमत काय राहिली असती ते छापून बाहेर येतो. तुम्ही अल्टर सिस्टिमने जे दिलं होतं तेच दिसायला पाहिजे, कारण ऑटो.कॉन्फ ही पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फच्या वर असते.

चार. चालू करा:

सुडो -यू पोस्टग्रेस /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन/पीजी_सीटीएल स्टार्ट -डी /डेटा/केळी -एल /डेटा/लॉग/पीजी.लॉग -टी ३०० -ओ "-पी ५४३३"

-डी कॅपिटल म्हणजे डेटा फोल्डर. -एल छोटा म्हणजे लॉगची फाइल, हे दिलं नाही तर सगळे मेसेज त्याच टर्मिनलवर सांडत राहतात. -टी म्हणजे किती सेकंद वाट बघायची. -ओ च्या अवतरणात जे असतं ते पीजी_सीटीएलसाठी नसतं, ते आतल्या खऱ्या पोस्टग्रेस प्रोग्रॅमला दिलं जातं, हे लक्षात ठेवा. पीजी_सीटीएल आणि पोस्टग्रेस दोघांचे ऑप्शन वेगळे आहेत. पीजी_सीटीएलला छोटा -टी म्हणजे टाइमआउट, पण तोच -ओ च्या आत टाकला तर त्याचा अर्थ वेगळाच होतो. आणि पोस्टग्रेसला कॅपिटल डी ऐवजी छोटा -डी दिला तर तो डीबगची पातळी समजतो.

पाथ कायम पूर्ण लिहा, स्लॅशपासून. अर्धा पाथ देऊन चालू केला आणि नंतर दुसऱ्या फोल्डरमध्ये उभं राहून रीस्टार्ट मारलं तर तो अडू शकतो.

आणि रूट म्हणून चालवायला जाऊ नका, पोस्टग्रेस रूटखाली चालू व्हायला चक्क नकार देतो. म्हणून तो सुडो -यू पोस्टग्रेस.


अमळनेर_बोरी

तापीकाठ दादा, -टी ३०० कशाला? मी तर कधीच देत नाही, दोन सेकंदात चालू होतो.


तापीकाठ

नीट बंद केलेला असेल तर दोन सेकंदातच होतो. पण लाइट जाऊन मशीन बंद पडलं असेल तर चालू होताना आधी रिकव्हरी चालते, म्हणजे वॅल फाइलींमधून (प्रत्येक बदल आधी जिथं नोंदवला जातो त्या) राहिलेलं काम परत लावतो, आणि डेटा मोठा, डिस्क जुनी असली की त्याला मिनिटं लागतात. पीजी_सीटीएल स्वतःहून ६० सेकंदच वाट बघतो आणि मग "सर्व्हर डिड नॉट स्टार्ट इन टाइम" म्हणून परत येतो. लोक इथं गडबड करतात. सर्व्हर मेलेला नसतो, तो आत कामच करत असतो, फक्त पीजी_सीटीएलने वाट बघणं सोडलेलं असतं. लोकांना वाटतं अडकला, मग किल -९ मारतात, परत चालू करतात, परत रिकव्हरी पहिल्यापासून, परत किल. लॉग उघडून बघा, "ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस" दिसलं तर हात बांधून बसा. तेवढ्यात कोणी जोडायला गेलं तर त्याला "द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप" येतं, ते चांगलं लक्षण आहे.


धुळे_पांझरा

याला जोडून पोस्टमास्टर.पिडचं सांगतो, कारण लाइट गेल्यावर तेही एक दुखणं असतं. सर्व्हर चालू असताना डेटा फोल्डरमध्ये ही फाइल असते, पहिल्या ओळीत प्रोसेसचा नंबर. लाइट गेली की ती तशीच राहते. बहुतेक वेळा पोस्टग्रेस स्वतःच बघतो की त्या नंबरची प्रोसेस जिवंत नाही आणि पुढं चालू होतो. क्वचित कधी "लॉक फाइल ऑलरेडी एक्झिस्ट्स" म्हणून थांबतो. तेव्हा नेटवर पहिला सल्ला दिसतो की फाइल डिलीट करा. आधी पीएस -ईएफ मारून त्या नंबरची प्रोसेस खरंच पोस्टग्रेसची आहे का बघा. जिवंत सर्व्हरची पिड फाइल उडवून त्याच डेटावर दुसरा सर्व्हर उभा करायचा प्रयत्न म्हणजे डेटाची वाट.


केळीपट्टी_सावदा

झालं! तुम्ही सांगितलं तसंच एकेक करत गेलो. -सी ने आधी १५० दाखवलं, चालू केल्यावर शो मॅक्स_कनेक्शन्स १५०, शो एफसिंक ऑन. पीजी_सेटिंग्जमध्ये सोर्स आता "कॉन्फिगरेशन फाइल" येतंय. संध्याकाळी दोन्ही काउंटर चालू होते, एकालाही एरर नाही.

एक शंका. मशीन रात्री बंद पडून सकाळी आपोआप चालू होतं म्हटलं ना, मग ते जुने ऑप्शन परत येणार का?


तापीकाठ

येणारच. कुठंतरी ती जुनी कमांड लिहून ठेवलेली आहे, ती काढेपर्यंत काम पूर्ण नाही. बघा:

सुडो क्रॉनटॅब -एल -यू पोस्टग्रेस

ही आपोआप चालवायच्या कमांडची यादी असते. इथं ॲट-रीबूटने (मशीन चालू होताच चालणारी) सुरू होणारी ओळ आहे का? नसेल तर /ईटीसी/आरसी.लोकल बघा, नसेल तर /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मधल्या सर्व्हिस फाइली. "-एन २०" म्हणून ग्रेप मारलं तरी सापडेल.

आणि १५० जरा जास्त आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस उघडतो, प्रत्येक प्रोसेस मेमरी खाते, वर्क_मेम तर एकेका सॉर्टिंगसाठी वेगळी लागते. रॅम किती आहे मशीनला? दोन काउंटर मिळून तुमची गरज ५०-६०ची दिसते. आकडा मोठा म्हणजे सर्व्हर दणकट असं नसतं. पुढं खरंच कनेक्शन वाढले तर पीजीबाउन्सर (थोडे कनेक्शन सगळ्यांना वाटून देणारा प्रोग्रॅम) मध्ये लावू, तो वेगळा विषय.


केळीपट्टी_सावदा

रॅम ८ जीबी. पोस्टग्रेस यूजरच्या क्रॉनटॅबमध्येच सापडलं, ॲट-रीबूट करून अख्खी जुनी कमांड. ती ओळ बदलून आता तुम्ही दिलेली टाकली, -एन आणि -एफ दोन्ही काढून. मॅक्स_कनेक्शन्स ६० केलं, तेही अल्टर सिस्टिमने, म्हणजे फाइलीतच राहील.


नंदुरबार_मिरची

आता एकदा मुद्दाम मशीन रीबूट करून बघा, नीट शटडाऊन देऊन. आपोआप चालू होऊन ६० आणि एफसिंक ऑन दिसलं की मगच निश्चिंत व्हा. आणि यूपीएसची बॅटरी बदलून घ्या दादा, तेवढे पैसे डेटाच्या मानाने काहीच नाहीत.


अमळनेर_बोरी

धागा भरकटवतोय पण याच विषयाचं आहे म्हणून विचारतो. मी प्रोजेक्टसाठी एकाच लॅपटॉपवर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे दोन सर्व्हर चालवतोय, एक ३३०६ वर आहेच, दुसरा मी असा चालू केला:

मायएसक्यूएलडी --डेटाडिर=/होम/मी/दुसरा --पोर्ट=३३०७ --सॉकेट=/टीएमपी/दुसरा.सॉक

चालू झाला. पण मायएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -पी ३३०७ करून आत गेलो की पहिल्याचेच डेटाबेस दिसतात. (पी कॅपिटल.) काहीच समजेना.


धुळे_पांझरा

भाऊ, हा सापळा जुना आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला "लोकलहोस्ट" म्हटलं की तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइलने (त्याच मशीनवरच्या सर्व्हरला जोडायची फाइल) जातो, आणि मग पोर्टचा नंबर बाजूलाच राहतो. डिफॉल्ट सॉकेट पहिल्या सर्व्हरचा आहे म्हणून तू पहिल्यात जाऊन पडतोस. -एच १२७.०.०.१ दे, नाहीतर --प्रोटोकॉल=टीसीपी दे, नाहीतर --सॉकेट=/टीएमपी/दुसरा.सॉक दे. तिन्हीतलं काहीही चालेल. पिड फाइल पण वेगळी दे दुसऱ्याला.

पोस्टग्रेसमध्ये हे होत नाही कारण त्याच्या सॉकेट फाइलच्या नावातच पोर्टचा नंबर असतो. दोन सर्व्हर एकाच फोल्डरमध्ये सॉकेट ठेवून सुखाने नांदतात, -पी वेगळा दिला की झालं.

आणि मायएसक्यूएलमध्ये पण कोण कोणाच्या डोक्यावर हे माहीत करून घे. माय.सीएनएफ आधी वाचतो, कमांडलाइन नंतर, त्यामुळे कमांडलाइन जिंकते, एकच ऑप्शन दोनदा आला तर शेवटचा धरतो. मायएसक्यूएलडी --प्रिंट-डिफॉल्ट्स मारलंस की फाइलींमधून काय काय ऑप्शन येऊन राहिले ते छापून दाखवतो. --डिफॉल्ट्स-फाइल द्यायची असेल तर ती बाकी सगळ्या ऑप्शनच्या आधी, पहिलीच लिही, मध्ये कुठं टाकली तर ओळखत नाही.


तापीकाठ

पांझराभाऊ, यात एक भर. मायएसक्यूएल ८ मध्ये सेट पर्सिस्ट आहे, त्याने दिलेलं सेटिंग डेटा फोल्डरमधल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफमध्ये जातं, आणि ही फाइल सगळ्यात शेवटी वाचली जाते, कमांडलाइनच्याही नंतर. म्हणजे पोस्टग्रेसच्या अगदी उलट. तिथं अल्टर सिस्टिम कमांडलाइनपुढे हरतो, इथं सेट पर्सिस्ट कमांडलाइनला हरवतो. दोन्ही डेटाबेस वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे, नाहीतर सावदेकरांसारखंच कोडं उलट्या बाजूने समोर येतं. समजा पर्सिस्टने असं काही सेट झालं की सर्व्हर उठतच नाही, तर --पर्सिस्टेड-ग्लोबल्स-लोड=ऑफ देऊन चालू करायचा, मग तो त्या फाइलकडे बघत नाही.


धुळे_पांझरा

हे मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं.

अजून एक सर्वांसाठी. मायएसक्यूएल लाइट गेल्यावर उठत नसेल तर नेटवर लगेच --इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी=६ द्या असं वाचायला मिळतं. हा ऑप्शन १ ते ६ असतो आणि ४ पासून पुढं डेटा कायमचा खराब होऊ शकतो. १ पासून सुरुवात करा, आणि त्याआधी सर्व्हर बंद असताना अख्खं डेटा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. उठला की लगेच डंप काढा, तसाच वापरत राहू नका. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून --व्हॅलिडेट-कॉन्फिग पण आहे, चालू न करताच फाइलमधल्या स्पेलिंगच्या चुका दाखवतो. बऱ्याच वेळा न उठण्याचं कारण तेवढंच असतं.


अमळनेर_बोरी

१२७.०.०.१ ने झालं, दुसऱ्यात गेलो. धन्यवाद दादा.


जळगाव_कॉटन

वाचून राहिलो होतो सगळं. आमच्याकडे जिनिंगला पण उबंटूवर पोस्टग्रेस आहे पण आमचा डेटा /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन मध्ये आहे. तापीकाठ भाऊंची पोस्टग्रेसवाली कमांड तिथं मारली तर "कुड नॉट ॲक्सेस द सर्व्हर कॉन्फिगरेशन फाइल" म्हणतो.


तापीकाठ

तुमचं उबंटूच्या नेहमीच्या पद्धतीने बसवलेलं आहे. तिथं डेटा /व्हारमध्ये पण कॉन्फ /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेनमध्ये ठेवतात, म्हणून डेटा फोल्डर दिलं की त्याला कॉन्फ सापडत नाही. -डी ला /ईटीसीवाला पाथ द्या, त्या कॉन्फमध्ये डेटा कुठं आहे ते लिहिलेलंच असतं. पण तुम्ही पीजी_सीटीएलच्या वाटेला जाऊच नका, उबंटूमध्ये पीजी_एलएसक्लस्टर्स आणि पीजी_सीटीएलक्लस्टर आहेत. पहिल्याने कोणता क्लस्टर (म्हणजे एक डेटा फोल्डर आणि त्याचा सर्व्हर) कोणत्या पोर्टवर चालू आहे ते कळतं. चालू-बंद करायला

सुडो पीजी_सीटीएलक्लस्टर १४ मेन स्टार्ट

त्यालाही -ओ देता येतो, तात्पुरतं काही लावून बघायचं असेल तर. कायमचं असेल तर कॉन्फमध्येच. सावदेकरांचा क्लस्टर कोणीतरी हाताने इनिटडीबी करून वेगळ्या फोल्डरमध्ये बनवला होता म्हणून तिथं पीजी_सीटीएल लागला.


केळीपट्टी_सावदा

रीबूट करून बघितलं. आपोआप चालू झाला, ६० आहे, एफसिंक ऑन आहे, पोस्टमास्टर.ऑप्ट्समध्ये आता फक्त -डी आणि -पी. यूपीएसची बॅटरी पण सांगितलीय, उद्या फैजपूरहून येईल. आमच्या घरात अहिराणी बोलतात म्हणून तसंच लिहितो, बठ्ठं नीट चाली ऱ्हायनं भो, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

ताई, एकच विचारायचं राहिलं, रोजचा डंप क्रॉनमध्ये लावायचा तर रात्री लावू की दुपारी?


नंदुरबार_मिरची

दुपारी लावा दादा, लाइट असते आणि कोणीतरी ऑफिसात असतं. डंपमुळे काम थांबत नाही, फक्त थोडं हळू वाटेल. आणि पट्ट्यांचं काम संपल्यावर रात्री मशीन चालू सोडून जाण्यापेक्षा शटडाऊन देऊनच जात जा. शटडाऊनच्या आधी पीजी_सीटीएल स्टॉप -एम फास्टची एक छोटी स्क्रिप्ट डेस्कटॉपवर ठेवा, क्रॉनने चालू केलेल्या सर्व्हरला उबंटूची सर्व्हिस ओळखत नाही, त्यामुळे तो हाताने बंद केलेलाच बरा. ती स्क्रिप्ट मी संध्याकाळी इथं टाकते.